पंधरा दिवसांच्या कोर्सने नोटरी होता येत नाही

"बारावी पास आहात? पंधरा दिवसांचा ऑनलाइन कोर्स करा, शिक्का बनवा, घरबसल्या नोटरी व्हा." हा मेसेज सध्या गावोगावच्या ग्रुपांवर फिरतोय. परवा भाच्याने विचारलं, "मामा, फी भरू का?" मी वकिली करतो, त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

बारावी पास? नोटरी कायदा १९५२ चा, त्याचे नियम १९५६ चे. वकील म्हणून किमान १० वर्षं प्रॅक्टिस लागते. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गातल्या वकिलांना ७ वर्षं. न्यायिक सेवेतल्या आणि सरकारी कायदा खात्यांतल्या काही अधिकाऱ्यांसाठीही वाट आहे. म्हणजे आधी एलएलबी, मग सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मग इतकी वर्षं कोर्टात. गोंधळ बहुधा अमेरिकेतल्या व्हिडिओंमुळे झालाय. कॅलिफोर्नियात सहा तासांचा कोर्स आणि परीक्षा दिली की वकील नसलेला माणूसही नोटरी होतो. शब्द तोच, पद निराळं.

कोर्सचं सर्टिफिकेट इथे शून्य कामाचं. नेमणूक सरकार करतं, तीही अर्ज आणि मुलाखतीनंतर. प्रत्येक राज्यात किती नोटरी असावेत याची कमाल मर्यादा ठरलेली आहे, त्यामुळे पात्र वकीलही जागेची वाट बघत बसतात. कुणी कोर्सची फी भरून बसला असेल तर त्याने लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करावी.

शिक्का ५ सेंटिमीटर व्यासाचा, गोल. त्यावर नाव, क्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि नेमणारं सरकार. नेमणूक नसताना नोटरी म्हणून सही-शिक्का करणं हा गुन्हा आहे, तुरुंगवासाची तरतूद असलेला. खऱ्या नोटरीचा परवानाही ५ वर्षांचाच, नंतर नूतनीकरण.

आणि "घरबसल्या" हा शब्द मला सगळ्यात जास्त खुपतो. माझे सीनियर नोटरी होते. एकदा एक मुलगा आईचा अंगठा घरूनच उठवलेलं प्रतिज्ञापत्र घेऊन आला. वारसनोंदीला तिची हरकत नाही, असं. सर म्हणाले, "आईला घेऊन ये." दुपारी म्हातारी आली. सरांनी कागद मोठ्याने वाचून दाखवला. "हे शेताचं आहे? मला तर पेन्शनचं सांगितलं होतं," ती म्हणाली. सरांनी रजिस्टर मिटलं आणि कागद तिच्या हातात परत दिला.