बॉनेटखालचं सोवळं

जुनी गाडी बाळगणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक गाडी चालवतो, दुसरा तिचं बॉनेट उघडून उभा राहतो. मी सुखाने पहिल्या पंथात होतो. मग पुण्याचे एक जाणकार कामानिमित्त नाशिकला आले आणि मी हौसेने त्यांना माझी प्रीमियर पद्मिनी दाखवली. बाहेरच्या चकचकीत क्रोमकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. बॉनेट वर करायला लावलं, चष्मा नाकावर सरकवला आणि रेडिएटरच्या पाइपवरच्या क्लिपकडे बोट दाखवून म्हणाले, "ही चालायची नाही."

"चालते की. थेंब गळत नाही."

"गळत नसेल हो. पण ओरिजिनल नाही."

झालं. त्या दिवसापासून आमच्या बॉनेटखाली सोवळं शिरलं.

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनू लागली आणि १९७४ पासून पद्मिनी म्हणून मिरवू लागली. १०८९ सीसीचं इंजिन, साधा स्वभाव. पण हा साधेपणाच तिच्या मुळावर आला. रस्त्यात बंद पडली की जवळचा मेकॅनिक हाताला लागेल ते लावायचा आणि ती बिचारी पुढे चालायची. त्यामुळे माझ्या गाडीत रिक्षाचा रिले, ट्रॅक्टरचा बॅटरी क्लॅम्प आणि सायकलच्या ट्यूबचा वॉशर गुण्यागोविंदाने नांदत होते. या सगळ्यांना घराबाहेर काढायचं तर बदली माणसं हवीत. ती पूर्वी अंबड-सातपूर लिंक रोडच्या भंगार बाजारात हमखास मिळायची. २०१७ च्या जानेवारीत तो बाजार उठला तेव्हा सगळ्या नाशिकने सुटकेचा निःश्वास टाकला होता, मीसुद्धा. आता आठवण आली की घास उतरत नाही.

मूळ फिनिश कसं होतं याचा पुरावा मिळाला बॅटरीच्या ट्रेखाली. तिथला एक बोल्ट इतक्या वर्षांत कुणाच्या पान्याला सापडला नव्हता. रॉकेलच्या फडक्याने पुसला तर डोक्यावर फिकट सोनेरी रंग, आणि उन्हात तिरका धरला की त्यात हिरवी-गुलाबी झाक. झिंक प्लेटिंगवरचं पिवळं पॅसिव्हेशन, म्हणजे जस्ताच्या मुलाम्यावरचा गंज रोखणारा थर! मी तो बोल्ट रुमालात गुंडाळून अंबडच्या एका प्लेटिंगवाल्याकडे नेला.

"माल किती किलो?" त्याने विचारलं.

"वाटीभर."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग समजावलं, की या पिवळ्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम नावाचं घातक द्रव्य असतं, युरोपने २००७ पासून ते गाड्यांना बंद केलंय, आणि मोठ्या कंपन्यांचा सगळा माल आता निळसर पांढरा जातो. "पिवळं कोण मागतं हो आता?" शेवटी कुणाच्या तरी गेटच्या बिजागऱ्या पिवळ्या व्हायच्या होत्या, त्यांच्या घाण्यात माझे बोल्ट सोडायचं ठरलं. मुहूर्त बिजागऱ्यांच्या मालकाने काढायचा होता.

पेट्रोलच्या पाइपची तऱ्हा वेगळीच. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. जुन्या जातीचं रबर त्यात फुगतं, तडकतं. म्हणजे पाइप नव्या जातीचा हवा, पण दिसायला जुना. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लांबच लांब छापलेलं असतं. ते मी गॅलरीत बसून थिनरने पुसत होतो.

"नवा पाइप आहे ना?" बायको म्हणाली.

"हो."

"मग पुसताय काय?"

"नवा आहे ते."

ती आत गेली आणि एक करपलेली कढई माझ्यासमोर ठेवून निघून गेली.

सगळ्यात अवघड गेलं ते रंगाचं. जाणकारांनी फोनवर बजावलं होतं, "आतला रंग गुळगुळीत नको हं. कारखान्यात तिथे एक पातळ हात मारायचे, कोपऱ्यात ओघळ असायचे." मी नाशिकच्याच द्वारका सर्कलकडच्या आमच्या पेंटर उस्तादांना तसंच सांगितलं. त्यांनी स्प्रे गन खाली ठेवली.

"पैसे कमी आहेत का, साहेब?"

"तसं नाही. थोडं वाईटच हवंय."

"सगळी उमर ओघळ घालवण्यात गेली. आता मुद्दाम काढू?"

मी दर वाढवून दिला. वाईट कामाचे जास्त पैसे म्हटल्यावर तर ते स्टूल ओढून पाठ करून बसले. बराच वेळ कुणी बोलेना. मग त्यांनी पत्रा घासणाऱ्या पोराला हाक मारली. त्याच्या हातात तोवर गन कधी आली नव्हती. पोरगा जीभ दातांत धरून, श्वास रोखून, जीव तोडून रंगवत होता. आणि फायरवॉलच्या, म्हणजे इंजिनामागच्या पत्र्याच्या, कोपऱ्यात एकेक ओघळ असा उतरला की मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

फोटो पुण्याला गेला. उत्तर आलं, "वा! अस्सल कुर्ला."

उस्तादांनी पैसे मोजून घेतले आणि हात जोडले, "काम कुठे केलं ते कुणाला सांगू नका."

गाडी बाहेर काढत होतो तेवढ्यात पोरगा खिडकीशी आला. इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाला, "काका, त्या कोपऱ्यात जरा बिघडलंय माझ्याकडून. रविवारी आणा, उस्ताद नसतात. घासून एकदम गुळगुळीत करून देतो. पैसे नको."