फिल्टर कुठला घेताय?

वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून जिवंत मासे द्यावेत, ही कल्पना ज्या कुणाच्या डोक्यातून पहिल्यांदा निघाली त्याला एकदा गाठून विचारायचं आहे, की बाबा रे, तुझं आमचं वैर काय? आमच्या लहानपणी खोडरबर मिळायचं, फार तर कंपासपेटी. आमची कन्या मात्र पाण्याने टम्म फुगलेली, रबरबँड लावलेली पिशवी घेऊन आली आणि पिशवीत दोन गोल्डफिश. जिना चढेपर्यंत तिने त्यांची नावंसुद्धा ठेवली होती: श्रीखंड आणि पुरी. नाव ठेवलेला जीव परत करता येत नाही, हा आमच्या घरातला कायदा आहे. याच कायद्याखाली जिन्यातला एक कुत्रा आमच्याकडून रोज पोळी वसूल करतो.

मासे बादलीत गेले आणि मी टाकीच्या मागे लागलो. काचेचा गोल बाऊल आधीच बाद केला. बाऊलमधला गोल्डफिश व्यंगचित्रात शोभतो. प्रत्यक्षात तो नीट वाढला तर वीतभर होतो आणि दहा वर्षं सहज काढतो. म्हणजे कन्येची दहावी, बारावी आणि पुढच्या प्रवेशाची धावपळ, सगळं श्रीखंडाच्या डोळ्यांदेखत होणार. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी टाकी घेतली. काठोकाठ भरली तर ५६ लिटर. टाकी घ्यायला डोकं लागत नाही. टीव्हीशेजारी ती मावते किंवा मावत नाही, एवढाच प्रश्न. दुकानदाराने ती वर्तमानपत्रात गुंडाळता गुंडाळता विचारलं, "साहेब, फिल्टर कुठला देऊ?" आणि तिथून मी जो माणसातून उठलो तो उठलोच.

दुकानात भिंतभर फिल्टर टांगलेले. कोपऱ्यात बसणारा, काचेला चिकटणारा, मागे लटकणारा, डोक्यावर बसणारा, खडीखाली झोपणारा, आणि टाकीखालच्या कपाटात दडून नळ्यांनी पाणी ओढणारा. प्रत्येक खोक्यावर ताशी किती लिटर त्याचा आकडा. "टाकीच्या चार-पाच पट पाणी तासाला फिरलं पाहिजे," दुकानदार म्हणाला. "तुमची छप्पन्न. म्हणजे अडीचशे-तीनशे. पण तुम्ही हा आठशेवाला घ्या, बिनधास्त." खोक्यावरचा आकडा आत काही न भरता, पाणी वर न चढवता मोजलेला असतो, तेव्हा थोडं वरचं माप घ्यावं हे खरंच. पण त्याने आठशेवाला चालू करून दाखवला आणि टाकीतला एक गोलमटोल, दुहेरी शेपटीचा गोल्डफिश आडवा होऊन थेट समोरच्या काचेला जाऊन लागला.

"त्याला मजा येतेय," दुकानदार म्हणाला.

मी "घरी विचारून सांगतो" म्हणालो आणि सटकलो.

घरापर्यंत पोचूच दिलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी टाकी बघितली आणि दार पूर्ण उघडलं. "फिल्टर कुठला घेताय? अंडरग्रॅव्हल घ्या. खाली जाळीची प्लेट, वर खडी, कोपऱ्यात दोन नळ्या, एक एअर पंप. संपला विषय. बाकी सगळी फॅशन." काकांचं म्हणणं टाकाऊ मुळीच नाही. हवेच्या बुडबुड्यांबरोबर पाणी नळीतून वर चढतं, त्याच्या जागी टाकीतलं पाणी खडीतून खाली ओढलं जातं आणि खडीच गाळणीचं काम करते. फक्त प्लेटखाली जो गाळ साचतो तो काढायचा, तर मासे, खडी, शंखशिंपले यांच्यासकट अख्खी टाकी उपसावी लागते.

"हात्तिच्या! वर्षातून एकदा दिवाळीच्या साफसफाईत उरकायचं," काका म्हणाले.

"उरकायचं कोण? मीच उरकायचे ना!" आतून काकूंचा आवाज आला.

काकांनी ताबडतोब विषय बदलून आतून एक प्लास्टिकचा पाणबुड्या आणला. पोटात हवा भरली की तो वर तरंगतो, बुडबुडा सोडला की गपकन खाली बसतो. त्याचा एक हात गेला होता. कन्येने तो मोठ्या मानाने स्वीकारला. म्हणजे आता मासे होते, टाकी होती, पाणबुड्या होता. फिल्टर नव्हता.

पुण्याहून मेहुण्याचा फोन आला. बातमी त्याला कुणी दिली हे मी विचारलं नाही; घरात त्याची बहीण आहे. "दाजी, कॅनिस्टर. दुसरं काही बघूच नका. मीडिया व्हॉल्यूम बघा, म्हणजे आत गाळायचं सामान किती मावतं ते." याच्या टाकीत घनदाट जंगल आहे. ओंडके, शेवाळ, झाडांना पुरवायला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. मागे गेलो होतो तेव्हा मासे कुठे आहेत विचारलं, तर म्हणाला, "आहेत ना, मागच्या बाजूला असतील." त्याच्या कॅनिस्टरची किंमत ऐकून बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. त्या पैशात आमचं वॉशिंग मशीन आलं होतं.

वस्तू उत्तम आहे, नाकारायचं कारण नाही. कपाटात ठेवायचा बंद डबा. आत आधी जाड स्पंज, मग बारीक, मग सिरॅमिकच्या रिंगा. आवाज नाही, दिसत नाही, पाणी काचेसारखं. पण आमच्याकडे दुरुस्तीच्या नावाखाली वीज जाते ती दुपार खाऊन येते. बंद डब्यात पाणी तासन्‌तास कोंडलं की त्यातला ऑक्सिजन संपतो, आत सडायला लागतं, आणि वीज आली की ते सगळं तो डबा इमानेइतबारे टाकीत परत पाठवतो. मेहुण्याच्या सोसायटीला जनरेटर आहे. कुणी कॅनिस्टर सुचवला तर आधी त्याच्या सोसायटीची चौकशी करावी.

एका शनिवारी क्रॉफर्ड मार्केटही झालं. १८६९ सालची ती इमारत बघायला परदेशी लोक माना वर करून उभे असतात. मी मान खाली घालून मागच्या गल्ल्यांत शिरलो. फायटर माशांच्या पाणी भरलेल्या पिशव्या, खांद्यावर ओला टॉवेल टाकलेला दुकानदार. "साहेब, सगळे टॉप फिल्टरच नेतात." सगळे नेतात, या एका कारणावर मुंबईत काहीही खपतं. टॉप फिल्टरमध्ये पंप पाणी उचलून वरच्या तबकात टाकतो, तिथे ते पांढऱ्या कापसातून गळतं आणि धार होऊन खाली पडतं. कापूस काळा झाला की मुठीत धरून काढायचा, नवा घालायचा. स्वस्त, सोपा, नजरेसमोर. आमच्या नाक्यावरच्या दुकानदाराने तसलाच एक वापरून बघायला दिला.

रात्री पावणेतीनला घरातले सगळे दिवे लागले. आई पॅसेजमध्ये उभी. "नळ कुणी उघडा ठेवला? वरची टाकी वाहतेय का?" चाळीत जन्म गेलेल्या बाईला पाण्याची धार म्हणजे कुणाचा तरी गलथानपणा, एवढंच ठाऊक. टाकी दाखवली. तिने ती धार एक क्षण बघितली आणि बटण बंद केलं.

"अगं, ते चोवीस तास चालू लागतं."

"का? रात्री मासे झोपत नाहीत?"

याला उत्तर काय द्यायचं! मासे झोपतात. पापण्या नसल्यामुळे कळत नाही इतकंच. दुसऱ्या दिवशी मी बटणावर 'बंद करू नये' असा कागद चिकटवला. आईने तो वाचला, आणि रात्री कागदासकट बटण बंद केलं.

"आमच्या कोकणातल्या विहिरीत मासे होते, कासव होतं," ती म्हणाली. "त्यांना कुठला फिल्टर होता?" मुद्दा बिनतोड होता. आजही डासांच्या अळ्या खायला विहिरी-हौदांत गप्पी मासे सोडतात, तिथे कुणी पंप लावत नाही. पण विहिरीत पाणी हजारो लिटर आणि मासे मूठभर. आमच्याकडे पाणी दहा कळशा आणि त्यात श्रीखंड-पुरी. गोल्डफिशला जठर नावाचा अवयवच नसतो. खाल्लं की पुढे, खाल्लं की पुढे. कन्या तासातासाला चिमूट टाकणार आणि हे दोघे तासातासाला ती परत करणार.

आणि जे परत करतात त्यात खरी गोम आहे. माशाच्या अंगातून, मुख्यतः कल्ल्यांवाटे, अमोनिया बाहेर पडतो. तो विषारी, आणि डोळ्यांना दिसत नाही. पाणी झऱ्यासारखं नितळ असेल आणि मासा त्यात गुदमरत असेल. एका जातीचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने निरुपद्रवी. फिल्टरचं मुख्य काम कचरा गाळणं नाहीच. तो या जिवाणूंची चाळ आहे. खोल्या जितक्या जास्त, म्हणजे स्पंजची छिद्रं आणि रिंगांचे खड्डे जितके जास्त, तितके भाडेकरू जास्त. भाडं म्हणून ते अमोनिया खातात. बदल्यात त्यांना सतत हवेशीर, वाहतं पाणी लागतं, आणि नवी चाळ भरायला महिना-दीड महिना जातो.

हे कळल्यावर मला आमच्या दातांच्या दवाखान्यातली टाकी आठवली. तिथे महिन्याला एक मेंटेनन्सवाला येतो. मासे टबात काढतो, काच घासतो, खडी धुतो, स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र होईपर्यंत पिळतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन. म्हणजे चाळीतले एकूण एक भाडेकरू खलास. टाकी अशी लखलखते, की पेशंट दाढ विसरतात. आठवडाभराने नवे मासे येतात, आणि कंपाउंडर म्हणतो, "आमच्याकडे मासे टिकतच नाहीत, जागेतच काहीतरी दोष आहे."

मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. त्यानंतर मुंबईतल्या कितीतरी शाळांच्या सहली तिथे काचांना नाक लावून गेल्या असतील. आमचीही गेली. कासवं बघितली, मोठमोठे मासे बघितले. एकाही पोराने विचारलं नाही, की बाई, यांचं पाणी कोण साफ करतं? विचारलं असतं तर निदान एका पिढीची तरी नाक्यावरच्या दुकानदाराच्या तावडीतून सुटका झाली असती.

मग मी हिशोब उलटा मांडला. टाकी बाजूला ठेवली आणि घर बघितलं. वीज जाते. आई बटणं बंद करते. बायकोला आवाज चालत नाही. कन्या खायला घालायची थांबणार नाही. पुरी दुहेरी शेपटीची आहे, तिला जोराचा प्रवाह झेपत नाही. आणि आमच्या घरात किचकट झाकण उघडून महिन्याला काही धुणारा माणूस मी सोडून दुसरा नाही. इतक्या अटींत बसणारी भिंतीवर एकच वस्तू होती, आणि दुकानदाराने ती सगळ्यात खाली, कोपऱ्यात टांगली होती: स्पंज फिल्टर. काळा स्पंज, मधून नळी, नळीला एअर पंप. अडीचशे रुपयांच्या आत. त्यात बिघडण्यासारखं काही नाही.

"साहेब, हा तर ब्रीडिंगवाले वापरतात," दुकानदार दुखावला. आठशेच्या गिऱ्हाइकावरून तो अडीचशेवर आला होता. मग मी दोन स्पंज घेतले, कारण गोल्डफिशची घाण एकाला झेपायची नाही, आणि दोन असले की आलटून पालटून धुता येतात. तेव्हा तो जरा सावरला. वर दहा रुपयांचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह त्याने स्वतःहून दिला. पंप टाकीच्या पातळीखाली असेल आणि वीज गेली, तर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात आणि तिथून जमिनीवर उतरतं. हा इवलासा व्हॉल्व्ह ते अडवतो. सबंध खरेदीत मला मिळालेला हाच एक बिनमोल सल्ला.

दिसायला तो स्पंज भयंकर आहे. बायको म्हणाली, "टाकीत बूट पडलाय का कुणाचा?" पंप भुणभुणत होता, तो जुन्या टॉवेलच्या घडीवर ठेवल्यावर गप्प झाला. आईला विजेचा हिशोब दाखवला. चार वॉटचा पंप महिनाभर अखंड चालला तरी तीन युनिटही होत नाहीत. तिने ते माझ्याकडून दोनदा मोजून घेतलं आणि बटणाला जीवदान दिलं. मेहुण्याला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला, पण कुठल्या भावनेने ते कळलं नाही.

पहिला महिना जिकिरीचा. चाळ रिकामी आणि मासे हजर, त्यामुळे रोज थोडं पाणी काढायचं, रात्री भरून ठेवलेलं, क्लोरीन घालवणारं औषध घातलेलं नवं टाकायचं. टेस्ट किटच्या नळीत थेंब टाकून ती उजेडात धरायची. पिवळी राहिली तर बरं, हिरवी झाली तर पुन्हा बादली. कन्या रोज संध्याकाळी निकाल वाचून दाखवायची आणि आई देवाला दिवा लावून विचारायची, "आज काय, हिरवं का पिवळं?" हळूहळू हिरवं यायचं थांबलं. आता आठवड्याला पाव टाकी पाणी बदलतो. एक स्पंज काढून त्याच बादलीतल्या पाण्यात पिळतो. चहाच्या गाळासारखा तपकिरी ढग उठतो, तेवढा पिळायचा, जास्त नाही.

ते पाणी आईने गॅलरीतल्या कढीपत्त्याला घातलं. माशांना नको असलेलं नायट्रेट झाडांना पक्वान्न. कढीपत्त्याला अशी पालवी फुटली, की खालच्या काकूंनी मान वर करून कारण विचारलं. पुढच्या आठवड्यात त्या मोगऱ्यासाठी बादली घेऊन गेल्या. तिच्या पुढच्या आठवड्यात समोरच्या बिऱ्हाडाने मिरचीसाठी नंबर लावला, आणि आता आईने शनिवारच्या पाळ्या कॅलेंडरवर लिहून ठेवल्यात. परवा काकू आल्या त्या जरा घुश्शातच.

"अहो, मागच्या वेळचं पाणी फारच स्वच्छ होतं. यावेळी जरा घाणेरडं बघून द्या."