थंडीत बाहेर पडू पाहणाऱ्यांसाठी

हिवाळ्यात व्यायामाला बाहेर पडायचं ठरवलंत? अभिनंदन. ठरवणं हेच खरं काम असतं, आणि ते आडव्या अवस्थेतही उत्तम जमतं.

आता फोन घ्या. पांघरुणातून एकच हात बाहेर काढायचा, तोही कोपरापर्यंत. हवामानाचं ॲप उघडलं की दोन आकडे दिसतील : एक तापमानाचा, दुसरा 'जाणवणाऱ्या' तापमानाचा. पहिल्याकडे ढुंकूनही बघू नका. दुसरा आपला माणूस आहे. बाहेर शून्य अंश असेल आणि ताशी 30 किलोमीटरचा वारा सुटला असेल, तर तो तुम्हाला उणे 6 देऊन टाकतो. या हिशेबाची सुरुवात पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल यांनी 1940 च्या दशकात केली. अंटार्क्टिकाच्या वाऱ्यात पाणी गोठायला किती वेळ लागतो, हे त्यांनी मोजलं. त्या दोघांनी एवढा गारठा सोसला तो कशासाठी? तुम्हाला उठावं लागू नये म्हणूनच ना! हा आकडा उघड्या कातडीसाठी असतो, टोपी-हातमोजे घातले की त्याचा जोर बराच ओसरतो, ही गोष्ट घरात कुणाला कळू देऊ नका.

'21-22 डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो, मग जाईन' असंही जरूर म्हणा. दिवस मोठा होतो खरा, पण उत्तरेकडच्या बहुतेक प्रदेशांत सूर्योदय जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत आणखी उशिराच होत राहतो. वाढलेली मिनिटं आधी संध्याकाळच्या पदरात पडतात. म्हणजे सकाळी अंधार आहे ही तक्रार खगोलशास्त्राच्या आधाराने पुढे चालू ठेवता येते. तोवर बूट, जाकीट, घड्याळ यांची खरेदी उरकून घ्या. नवे बूट घरात घालून चालून बघायला हरकत नाही.

इतकं करूनही कुणी जबरदस्तीने बाहेर काढलंच, तर निदान नीट तयारीनिशी जा. अंगालगत जाड सुती कपडा हवा. तो घाम शोषून घेतो आणि सोडत नाही, त्यामुळे थांबल्याबरोबर ओल्या कपड्यातला गारवा पाठीला भिडतो आणि घरी परतायला सबळ कारण मिळतं. त्यावर एवढे कपडे चढवा की दारातच उकडलं पाहिजे. निघताना थोडी थंडी वाजली तर कपडे बेताचे झाले असं जाणकार म्हणतात. म्हणू देत.

बर्फ साचलेल्या रस्त्यावर दोन्ही हात खिशात घालून लांब लांब ढांगा टाकाव्यात. काळसर, चकचकीत दिसणारा भाग ओला डांबरी रस्ताच आहे असं खुशाल समजा. काळे कपडे आणि कानात मोठ्याने गाणी असली की गाडीवाल्यांनाही सावध राहायची सवय लागते.

तहान लागली नाही म्हणून पाणी पिऊ नका. उलट थंडीत लघवीलाच जास्त लागते. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आखडतात, रक्त आत सरकतं आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. एरवी यात विशेष काही नाही. पण बोटं बधिर आहेत, हातमोजा दातात धरलाय, एक चेन उघडली तर आत दुसरी, तिच्याखाली नाडी आणि नाडीला निरगाठ! व्यायाम म्हणतात तो हाच.

आणि हो, शेजारची ती एक व्यक्ती गाल लाल करून, तोंडातून वाफ सोडत, आनंदाने परत येताना दिसेल. तिच्याशी वाद घालू नका. 'सांभाळून हं, छातीत भरेल' एवढंच काळजीच्या सुरात म्हणा आणि खिडकी लावून घ्या. 'मलाही यायचंय' हे चुकूनही बोलू नका, ती उद्या बेल वाजवेल.

थंडी ओसरू लागली की गाफील राहायचं नाही. उन्हाळ्याची कारणं वेगळी आहेत. ती आत्ताच वापरून संपवू नका.