तीनशे रुपयांचा फॉर्म आणि रोजचे दोनशे

सप्टेंबर उजाडला की छोट्या कंपन्यांच्या डायरेक्टर मंडळींचं एकच पालुपद सुरू होतं, "सीए फी फार सांगतोय हो, स्वस्तात करून देणारा कुणी आहे का?" मला विचाराल तर स्वस्त सीए शोधायला जेवढी धावपळ होते, तिच्या निम्मी मेहनत वर्षभर हिशेब लिहायला घेतली तर अर्धी फी आपोआप उतरते.

आधी सरकार किती घेतं ते बघा. अधिकृत भांडवल (कंपनी जास्तीत जास्त जेवढ्या रकमेचे शेअर काढू शकते ते) एक लाख किंवा त्याहून जास्त, पण पाच लाखांच्या आत असेल तर एओसी-४ ची, म्हणजे वार्षिक हिशेब सरकारकडे दाखल करायच्या फॉर्मची, फी ३०० रुपये. एमजीटी-७ए चे, म्हणजे छोट्या कंपनीच्या वार्षिक विवरणपत्राचे, आणखी ३००. झालं! बाकीचा पैसा ऑडिटला आणि घोळ निस्तरायला जातो.

ऑडिट टळत नाही. प्रायव्हेट लिमिटेड म्हटली की उलाढाल शून्य असली तरी ते करावंच लागतं. घोळ मात्र सगळा आपला असतो. साधं उदाहरण घ्या. कन्सल्टिंगचं एक लाखाचं बिल, वर १८ टक्के जीएसटी, एकूण १,१८,०००. बँकेत आले १,०८,०००, कारण समोरच्याने दहा हजार टीडीएस कापला. त्याच दिवशी एंट्री केली तर दोन मिनिटांचं काम. वर्षाअखेरीला मात्र सीएकडे शिकणारा आर्टिकल असिस्टंट विचारतो, "सर, हे दहा हजार कुठे गेले?" मग जुने ईमेल उपसा, क्लायंटला फोन करा, कापलेल्या टीडीएसची नोंद दाखवणारा २६एएस काढा. अशा चाळीस एंट्र्या सस्पेन्स खात्यात, म्हणजे खुलासा न लागलेल्या रकमांच्या खात्यात, पडल्या असतील तर फी वाढणारच. तो वेळ फुकट कोण देईल?

तेव्हा दर महिन्याला बँकेशी मेळ घाला. सॉफ्टवेअर स्वस्तातलं घेतलंत तरी चालेल, पण बंद न करता येणारा एडिट लॉग, म्हणजे कोणती एंट्री कधी बदलली याची नोंद, त्यात हवाच; १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना तो सक्तीचा आहे.

"हिशेब लिहिणं, ऑडिट, फायलिंग सगळं एकाच रकमेत" अशा पॅकेजपासून जरा सांभाळून. कंपनीच्या ऑडिटरनेच तिचे हिशेब लिहिणं कंपनी कायद्याच्या कलम १४४ ला चालत नाही. सही कोण करणार आणि लिहिणार कोण, हे आधी विचारा.

कायद्याने दिलेल्या सवलतीही वसूल करा. कायद्याच्या व्याख्येत 'स्मॉल कंपनी' बसत असाल तर वर्षाला दोन बोर्ड मीटिंग पुरतात, कॅश फ्लो स्टेटमेंट लागत नाही, आणि कंपनी सेक्रेटरी नसेल तर एमजीटी-७ए वर डायरेक्टरची डिजिटल सही चालते. कोटेशनमध्ये चार मीटिंगच्या मिनिट्सचे पैसे लावलेले दिसले तर कशासाठी, ते विचारायला लाजू नका. (डिजिटल सहीचा टोकन एक्स्पायर झालाय का, हेही आजच बघा. तो नेमका शेवटच्या दिवशीच दगा देतो.)

आता उशीर. एजीएमपासून, म्हणजे वार्षिक सर्वसाधारण सभेपासून, एओसी-४ ला ३० दिवस, एमजीटी-७ए ला ६०. त्यानंतर प्रत्येक फॉर्मला रोज १०० रुपये, आणि याला वरची मर्यादाच नाही. दोन्ही फॉर्म ९० दिवस रखडले की १८,००० गेले. ऑडिटला पैसे नाहीत म्हणून थांबलेल्या कंपनीला हाच दंड ऑडिटहून महाग पडू शकतो. कोट्यवधींची कंपनी आणि दोन माणसांची कंपनी यांना एकच दर, हे मला सरळ सरळ अन्यायाचं वाटतं. सलग तीन वर्षं काहीच भरलं नाही तर डायरेक्टर पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात, ते वेगळंच.

ज्यांचा धंदा खरंच बंद आहे त्यांनी तर हे ओझं वाहूच नये. एसटीके-२ हा फॉर्म भरून कंपनी बंद करायची फी १०,००० रुपये आहे. थकलेले फॉर्म मात्र आधी भरावे लागतात. आणि अजून नोंदणी व्हायची असेल, बाहेरचा गुंतवणूकदार येणार नसेल, तर एलएलपीचा, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा, विचार करा. तिथे उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल तर ऑडिटची सक्ती नाही. नावापुढे 'प्रायव्हेट लिमिटेड' दिसायला छान दिसतं, पण त्या छानपणाचं बिल दरवर्षी येतं.