ब्रॉडगेज येईल, पण वरखेडीला थांबेल का?

जळगाव जिल्ह्यातल्या पाचोरा-जामनेर गाडीवरून, म्हणजे आपल्या पीजेवरून, गावाकडे दोन तट पडलेत. एकाला अडीच फुटी रुळांवरची जुनी गाडीच हवी. शंभर वर्षांचा वारसा आहे, पहूरहून अजिंठा जवळ आहे, पर्यटक येतील. दुसऱ्याला ब्रॉडगेज हवं, तेही पुढे बोदवडपर्यंत, एकूण ८४ किलोमीटर. मार्च २०२० मध्ये करोनामुळे देशभरातल्या गाड्या थांबल्या. बाकीच्या हळूहळू सुरू झाल्या, पीजे मात्र थांबली ती थांबलीच.

मी ब्रॉडगेजवाला. आठवणी मलाही आहेत, पण ५६ किलोमीटरला तासन्‌तास घालवायची हौस ज्याला रोज जायचं त्याला नसते. शिवाय पाचोऱ्याला उतरून पुन्हा मोठ्या गाडीची वाट बघायची. शेंदुर्णी, पहूरची माणसं जळगावला रस्त्याने जातात ती काय रेल्वेवर रुसून नाही.

तरीही दोन्ही तटांचं वाचताना खटकतं ते हे, की सगळं भांडण रुळांच्या रुंदीवर चाललंय. गाडी किती वाजता आणि कुठे थांबणार, यावर कुणीच भांडत नाही.

जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या ब्योब्लिंगेन गावातून डेटेनहाउसेनपर्यंत १७ किलोमीटरची एक फाट्याची लाइन जाते, शोनबुखबान. आपल्या पीजेच्या तिसरा हिस्साही नाही. साठच्या दशकात तिथली प्रवासी गाडी बंद झाली, कारण तेच: मोटारी आल्या, तोटा वाढला. तीस वर्षांनी तिथल्या दोन जिल्हा प्रशासनांनी मिळून लाइन स्वतःकडे घेतली आणि १९९६ च्या डिसेंबरात गाडी पुन्हा सुरू केली. प्रवासी अंदाजापेक्षा जास्त आले. रूळ काही रुंद केले नव्हते. फक्त दर अर्ध्या तासाला गाडी, आणि बस-गाडी दोन्हीला एकच तिकीट. पुढे विद्युतीकरणासाठी गाडी बराच काळ बंद ठेवली, तेव्हा तिच्या जागी बस धावल्या. बंद म्हणजे लोकांनी आपलं बघून घ्यावं, असा अर्थ तिथे कुणी काढला नाही.

(जर्मन गाड्या घड्याळ लावून घ्यावं इतक्या वेळेवर असतात, हे गावाकडच्यांनी मनातून काढून टाका. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर आल्या त्या जेमतेम ६२ टक्के. मुंबई-भुसावळवाल्यांनी जरा हसून घ्यावं.)

आपल्याकडे उलट झालं. पीजे बंद, आणि २०२१-२२ मध्ये एसटीचा संप महिनोन्‌महिने चालला. त्या दिवसांत पीजेवरच्या वरखेडीसारख्या लहान स्टेशनच्या पोराला कॉलेजला जायला काळी-पिवळी, नाहीतर कुणाच्या तरी मोटरसायकलची मागची सीट. गाडी बंद असेपर्यंत पर्यायी वाहन कोण देणार, याचं उत्तर जिल्ह्यात कुणाच्या हातात नाही. जिल्हा परिषदेला एक फेरी वाढवता येत नाही, आमदाराला फक्त पत्र देता येतं, निर्णय रेल्वे मंत्रालयाचा. जर्मनीत १९९६ पासून स्थानिक गाड्या ठरवणं आणि त्यांचे पैसे देणं हे राज्यांचं काम आहे. माझ्या मते खरा फरक इथे आहे.

ब्रॉडगेज झालं की प्रश्न मिटतो, असं वाटणाऱ्यांनी चाळीसगाव-धुळे लाइन बघावी. तिथे १९०० पासून ब्रॉडगेज आहे, आता मेमू, म्हणजे विजेवरची लोकल, धावते. म्हणून जामदा, राजमाने, शिरूडच्या फलाटांवर दिवसभर गाड्यांची रांग लागते असं नाही.

बोदवडला जोडल्यावर तर पीजे फाट्याची लाइन राहणारच नाही. पाचोरा मुंबई मार्गावर, बोदवड नागपूर मार्गावर. म्हणजे भुसावळला वळसा घालणारा रस्ता तयार. मालगाड्यांना तो फार सोयीचा पडेल. सिंगल लाइनवर मालगाड्यांना मोकळीक द्यायची म्हटलं, की पॅसेंजर बाजूला थांबते आणि लहान स्टेशनचा थांबा हळूच वेळापत्रकातून गळतो. वरखेडीचे लोक तेव्हा ब्रॉडगेज बघतील, फलाटावरून.

गावाकडच्या एका मित्राला हे फोनवर सांगितलं, तर म्हणाला, "हाव भो, पण आधी गाडी तर येऊ दे!" त्याचं खरं आहे, पण थांबे मागायची वेळ आराखडा कागदावर असतानाच असते. सकाळी कॉलेजच्या वेळेला पाचोऱ्याला पोचणारी एक गाडी, संध्याकाळी परतीची एक, दोन्ही प्रत्येक स्टेशनवर थांबणाऱ्या. आणि रूळ पडेपर्यंत त्याच मार्गावर रेल्वेच्याच तिकिटावर चालणारी बस. रेल्वेला द्यायच्या पुढच्या निवेदनात वारसा आणि विकासाचे परिच्छेद थोडे कमी करून या तीन ओळी घाला.