21 जून, स्टोनहेंज आणि ‘चेटकिणींचा’ तो मेसेज

जून उजाडला की मराठी ग्रुपांवर तोच मजकूर पुन्हा फिरू लागतो: ‘21 जूनला सूर्य थांबतो आणि वाईट शक्ती मोकळ्या होतात. इंग्लंडमधल्या चेटकिणी स्टोनहेंजला जमून ड्रुइडांच्या पाच हजार वर्षांच्या विधीने सैतानाला बळी देतात. मुलांना जपा.’ (स्टोनहेंज म्हणजे दक्षिण इंग्लंडमधलं प्रचंड उभ्या दगडांचं प्राचीन वर्तुळ, आणि ड्रुइड म्हणजे प्राचीन केल्ट लोकांचे पुजारी.) यंदा तो मला माझ्या मावशीनेच पाठवला. मी इंग्लंडमध्ये राहते, विक्का हा निसर्गपूजक पंथ पाळते आणि 21 जून हा माझा सण आहे.

सूर्य थांबण्याचं आधी उरकते. वर्षभर क्षितिजावर उगवतीची जागा सरकत असते. अयनदिनाच्या, म्हणजे या 21 जूनच्या, आसपास काही दिवस ती सरकलेली डोळ्यांना कळत नाही आणि मग उलटी फिरते. आपण त्याला दक्षिणायन म्हणतो. त्या दिवशी लंडनला साडेसोळा तासांहून मोठा दिवस असतो, मुंबईला सव्वातेरा तासांचा. ऑस्ट्रेलियातले विक्कन हाच सण डिसेंबरात करतात, कारण त्यांचा उन्हाळा तेव्हा असतो.

सैतान ही ख्रिस्ती धर्मातली कल्पना आहे, आमच्या पंथात तो नाहीच. आम्ही देवी आणि शिंगं असलेला वनदेव मानतो. कुणाला इजा होऊ द्यायची नाही, हे आमचं मुख्य वचन. मग बळी कुठून येणार?

पाच हजार वर्षांची गोष्ट मात्र आमच्यातल्याही कित्येकांना प्रिय आहे, आणि तीही खरी नाही. स्टोनहेंजचे मोठे दगड इसवी सनापूर्वी 2500च्या सुमारास उभे राहिले. ड्रुइडांचे लेखी उल्लेख मिळतात ते त्यानंतर दोन हजारांहून जास्त वर्षांनी. दोघांची सांगड घातली सतराव्या-अठराव्या शतकात जॉन ऑब्री आणि विल्यम स्टुकली या अभ्यासकांनी. विक्का तर त्याहून कितीतरी अलीकडचा. इंग्लंडमधला 1735चा चेटूकविरोधी कायदा 1951 साली रद्द झाला, आणि मलायात कस्टम्समध्ये नोकरी केलेला जेराल्ड गार्डनर 1954 पासून या पंथाबद्दल उघडपणे लिहू लागला. सणाचं ‘लिथा’ हे नाव जुन्या अँग्लो-सॅक्सन महिन्यांच्या नावांवरून घेतलेलं, पण सणाला ते 1974 साली एडन केली या अमेरिकन विक्कनने दिलं. माझा सण माझ्या आईपेक्षा लहान आहे. तो मला तेवढाच प्रिय आहे, खोटं वय लावून त्याला मोठं करायची मला गरज वाटत नाही.

स्टोनहेंजला गर्दी होते हे खरं. 2000 सालापासून इंग्लिश हेरिटेज ही संस्था त्या रात्री सगळ्यांना फुकट आत सोडते. विक्कन असतात, ड्रुइड म्हणवणारे असतात, ढोल वाजवणारी कॉलेजची मुलं असतात, आणि कडेवर पोरं घेतलेले आईबाप खूप असतात. पाच वाजायच्या जरा आधी हील स्टोन या वर्तुळाबाहेरच्या दगडाच्या बाजूने सूर्य वर येतो आणि सगळे ओरडतात. मी एकदाच गेले, थंडीने कुडकुडले. एरवी मी घरीच असते: पहाटे मेणबत्ती, खिडकीत सेंट जॉन्स वर्टची पिवळी फुलं, मधाचा केक, एल्डरफ्लॉवरचं सरबत.

आता शेवटचा शब्द, ‘चेटकीण’. इंग्रजीत मी स्वतःला विच म्हणवते, कारण तो शब्द मी निवडला. मराठीत मी तो उचलणार नाही. सातपुड्याच्या पाड्यांवर ‘डाकीण’ ठरवून बायांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे, जीवही घेतले गेले आहेत. त्या बायांना कुणी निवड दिली नव्हती. करणी केल्याचा ठपका ठेवून माणसाला छळणं महाराष्ट्रात 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ‘मुलांना जपा’ या दोन शब्दांनीच असे ठपके सुरू होतात. मावशी, तो मेसेज पुढे पाठवला असशील, तर जिला पाठवलास तिला आज फोन कर.