पंचवटीतलं रेनडिअर

नाशिकला नाशिक का म्हणतात, तर लक्ष्मणाने इथे शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणजे कापाकापी ही या गावाची मूळ परंपरा. तरी मी घरात चार कागद कापायला बसले तर एवढा गहजब का व्हावा?

झालं असं, की यांची भाची अमेरिकेहून आली होती. परतीच्या बॅगेत चिवडा आणि मसाले बसेनात, म्हणून तिने सोबत आणलेलं एक यंत्र आमच्याकडे ठेवून दिलं. "मामी, तुला हाताने काहीबाही करायची आवड आहे ना, यावर ग्रीटिंग कार्डं कर," म्हणाली. हाताने करायची आवड म्हणजे मी दर उन्हाळ्यात कुरडया घालते, एवढंच. शेवटचं ग्रीटिंग मी सातवीत कार्यानुभवाच्या तासाला केलं होतं: घोटीव कागदाची पणती, मैद्याची खळ आणि बाईंचा शेरा, 'बरे'. खळ लावलेली ती पणती आठवड्याभरात झुरळांनी खाल्ली. त्यांनी मात्र काही शेरा मारला नाही.

यंत्र दिसायला उसाच्या चरकाचं शेंडेफळ. दोन रोलर, एक हँडल, घुंगरू तेवढे नाहीत. रोलरमधून उसाऐवजी एक चळत सरकवायची. खाली जाड पट्टी, तिच्यावर पारदर्शक प्लास्टिकची पट्टी, मग कागद, कागदावर धारेची बाजू खाली करून डाय, म्हणजे कागद कापायचा नक्षीदार साचा, आणि वर पुन्हा प्लास्टिक. हँडल फिरवलं की आतून कडाकड असा काही आवाज येतो की आपण चार हजारांची वस्तू मोडली अशी खात्रीच पटते. आणि पलीकडून कागदाचं फूल पडतं. पहिलं फूल पडलं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

टाळ्या ऐकून हे आले. हे एकतीस वर्षं अंबडला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. डाय उचलायला क्रेन लागते, अशा जगातून आलेला माणूस. त्यांनी ती नखाएवढ्या जाडीची पत्र्याची नक्षी बोटांत धरली, उजेडात फिरवली, म्हणाले, "याला डाय म्हणतात?"

"पाकिटावर तसंच लिहिलंय."

"मग पंच कुठंय? नुसती डाय कशी असेल? आणि क्लिअरन्स किती ठेवलाय?"

मी म्हटलं, क्लिअरन्स नाही ठेवला, चहा ठेवलाय. पण ते व्हर्निअर शोधायला गेले होते.

डायचं हे असं, तर स्टॅम्पचं त्याहून अवघड. जगात इतरत्र स्टॅम्प म्हणजे काय ते असो, नाशिकरोडच्या, पोस्टाची तिकिटं छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये उमेदीची सगळी वर्षं काढलेल्या माणसासमोर तो शब्द उच्चारताना विचार करावा लागतो. आमचे अप्पा, म्हणजे सासरे, त्यातले. १९२५ साली ही प्रेस सुरू झाली. त्याआधी आपली तिकिटं लंडनहून छापून यायची, हे आमच्या घरात 'शुभंकरोती'च्या बरोबरीने शिकवलं जातं. स्वतंत्र भारताचं पहिलं 'जय हिंद'चं तिकीट इथे छापलं, याचा अभिमान. आणि १९४८ साली गांधीजींची तिकिटं मात्र स्वित्झर्लंडला छापून घेतली, याचा राग. अप्पा तेव्हा नऊ वर्षांचे होते, पण राग ताजा आहे.

तर मी बोलून गेले, "अप्पा, भाचीने स्टॅम्प पण दिलेत." अप्पांनी चष्मा लावला, भिंग मागवलं, टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं. मी त्यांच्यापुढे पारदर्शक रबराचं एक फुलपाखरू ठेवलं. त्यांनी ते भिंगातून दोन मिनिटं पाहिलं.

"कडेचे दाते कुठंयत?"

"हे तिकीट नाही अप्पा. शिक्का आहे. हा काचेसारख्या ठोकळ्यावर आपोआप चिकटतो, मग शाई लावून उठवायचा."

"असं," म्हणाले, आणि भिंग घडीच्या रुमालात गुंडाळून ठेवलं. एवढ्या सौजन्याने अपमान फक्त सरकारी नोकरीतला माणूसच करू शकतो.

आता कार्ड करायला निमित्त हवं, ते आलं. अप्पांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे यांच्या आत्याला, वैशाखात पंचाहत्तर पूर्ण होत होती. आत्या पंचवटीत, सीतागुंफेपासून चार पावलांवर राहते. दुकानात साठ रुपयांना छान कार्ड मिळत होतं, हे मी इथेच कबूल करून टाकते, कारण पुढे मला हिशोब विचारू नये.

डायचा डबा उघडला तर आत हिमकण, भोपळा, लांब मोजा आणि रेनडिअर. बाहेर नाशिकचा पारा चाळिसाला टेकलेला. पंचाहत्तर वर्षांच्या बाईला वैशाखात मोजा द्यायचा? भोपळा तर नकोच. आत्या नावं ठेवण्यात तरबेज आहे, तिच्या हाती स्वतःहून भोपळा कोण देईल? रेनडिअरकडे बघत बसले आणि एकदम सुचलं. पंचवटी! सोनेरी कागदातून कापलं तर हे रेनडिअर कशाला, हा तर कांचनमृग! शिंगं जरा जास्त आहेत, पण मारीच मायावी राक्षस होता, त्याला हवी तेवढी शिंगं काढता येत असतील.

सोनेरी कागद कुठून आणायचा, हा प्रश्न मराठी घरात पडत नाही. लग्नाच्या पत्रिका असतात. आमच्याकडे त्या दिवाणाच्या खाली आहेत, साधारण तीन पिढ्यांच्या. जाड, चमकदार, खोबणीदार कागद, आणि फुकट. त्या रद्दीत घालता येत नाहीत, कारण प्रत्येकीवर गणपती. म्हणून आधी गणपती कापून वेगळा ठेवायचा. असे दोनशेहून जास्त गणपती माझ्याकडे एका डब्यात आहेत. त्यांचं काय करायचं हे कुणी सांगत नाही, फक्त टाकू नकोस एवढं सगळे सांगतात.

सगळ्यात झगझगीत पत्रिका होती ती नुकतीच आलेली. यांचा ओझरचा चुलतभाऊ, त्याच्या मुलीचं लग्न. बाहेरून अस्सल सोनेरी, आतून मोतिया. तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवली होती, म्हणजे पत्रिकेचं काम झालंच होतं. अक्षता बाजूला काढल्या आणि घातली चरकात.

पहिल्या फेरीत हरणाचं नाक कागदातच राहिलं. म्हटलं ना, गावची परंपरा. हे म्हणाले, "प्रेशर कमी पडतंय, खाली पॅकिंग दे." खाली एक कागद घातला, दुसऱ्यांदा फिरवलं, हरीण अखंड आलं. त्यांना झालेला आनंद बघून मी क्लिअरन्सचं बोलणं माफ केलं.

पण खरी परीक्षा हिमकणाची. कार्डाच्या कोपऱ्यात चांदण्या म्हणून मी हिमकण कापायचे ठरवले, भिशीतल्या मैत्रिणीलाही एक कार्ड करून टाकू म्हणून जरा जास्तच. हिमकण म्हणजे एका रुपयाएवढ्या जागेत चाळीस भोकं. कापून झाल्यावर त्या चाळीस भोकांतले तिळाएवढे कपटे डायमध्येच बसून राहतात. ते सुईने एकेक टोचून काढायचे. एक काढला की सुईला चिकटतो, सुई झटकली की बोटाला, बोट पुसलं की पदराला. दुपारी दोनपासून साडेतीनपर्यंत मी एक हिमकण रिकामा केला. नंतर कळलं, डाय आणि कागदाच्या मध्ये बटर पेपर ठेवला की कपटे आपसूक सुटतात. हे भाचीला तेव्हा सांगता आलं नाही, कारण ती चिवडा भरत होती.

आणि हे सगळं पंखा बंद करून. अप्पांना पंखा हवा, मला नको. ते सुरू करायचे, माझ्या चांदण्या पंचवटीच्या दिशेने निघायच्या. शेवटी अप्पा बनियनवर माझ्यासमोर येऊन बसले आणि पंख्याच्या बदल्यात देखरेख करू लागले. "कागद कोणत्या अंगाने दुमडतेयस? तंतू उभे आहेत की आडवे ते बघितलंस?" मी हसण्यावारी नेलं आणि जाड कागद दुमडला, तर घडीवर भाकरीसारख्या भेगा. त्यांनी दुसरा कागद घेतला, दोन्ही बाजूंनी हलकाच वाकवून पाहिला, जिकडून सहज वाकला तिकडून सुकलेल्या बॉलपेनने रेघ ओढली, आणि अशी घडी घातली की रेशमाचा काठ वाटावा. बोलले काही नाहीत. फक्त माझ्या भेगाळ घडीवर लाल पेनने 'रद्द' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मोठा मुद्दा काढला. "कपटे कुठे टाकतेस?"

"केरात."

अप्पा उभेच राहिले. प्रेसमध्ये म्हणे खराब झालेल्या कागदाचासुद्धा हिशोब लागायचा. तुकडा न तुकडा जमा. त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला, त्यावर 'कातरण' अशी चिठ्ठी लावली आणि माझ्या केरसुणीच्या पुढे पुढे चालत कपटे वेचू लागले. सत्याऐंशीव्या वर्षी त्यांना इतकं वाकताना मी बऱ्याच वर्षांनी पाहिलं.

राहिला मजकूर. भाचीच्या शिक्क्यांवर सगळं इंग्रजी. म्हणून शालिमारजवळ एका शिक्केवाल्याकडे गेले. 'हार्दिक शुभेच्छा' असा शिक्का हवा म्हटल्यावर त्याने विचारलं, "खाली अध्यक्ष टाकू की सचिव?" कुणीच नको म्हटलं. "मग ताई, नुसतं 'करिता' तरी?" मी ठाम राहिले. संध्याकाळी शिक्का मिळाला: गोल, कडेने अर्धवर्तुळात 'हार्दिक', खाली 'शुभेच्छा', मध्ये चांदणी, आणि शाई जांभळी. कार्डावर मारला आणि कार्डाचा एकदम दाखला झाला. अप्पांना मात्र साऱ्या प्रकारात ही एकच गोष्ट पसंत पडली. "हं. आता कागदाला वजन आलं."

(इंग्लंडात हेन्री कोल नावाच्या साहेबाला १८४३ साली नाताळच्या पत्रांना उत्तरं लिहायला वेळ नव्हता, म्हणून त्याने एका चित्रकाराकडून चित्र काढून घेऊन छापील कार्डं विकायला काढली. वेळ वाचावा म्हणून निघालेली गोष्ट. मला एका कार्डाला तीन दिवस लागले.)

हरीण मी फोमच्या चिकटपट्टीवर जरा उचलून बसवलं, म्हणजे धावल्यासारखं दिसावं.

वाढदिवसाला सगळे पंचवटीत जमलो. आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला नको तेही स्वच्छ दिसतं. कार्ड हातात घेऊन तिने आधी शिक्का पाहिला. "हे काय गं, ग्रामपंचायतीचा ठराव?" मग हरीण. "शिंगं बरीच फुटलीत याला."

"कांचनमृग आहे आत्या. पंचवटीतला."

"असेल बाई. सीतेला तरी कुठे कळलं होतं." आणि हे चिकटवलंय कसं ते बघायला तिने नख घातलं. उन्हाने फोम मऊ झालेला. हरीण अलगद तिच्या हातात आलं. तिने ते उलटं केलं.

"दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटांनी," आत्या हरणाच्या पोटावरून वाचू लागली, "आणि इथे मागच्या पायावर... ओझर. ओझरला कुणाचं लग्न आहे?"

खोलीत फक्त पंखा ऐकू येत होता. ओझरच्या चुलतभावाची ही सख्खी आत्या. आमच्याकडे अक्षता येऊन पंधरा दिवस झालेले, आणि पंचवटीत त्याचा अजून पत्ता नव्हता. हे छताकडे बघू लागले. मी चिवड्याची बशी पुढे केली.

अप्पांचा चेहरा मात्र उजळला. "म्हणून म्हणत होतो, हिशोब ठेवा." आणि त्यांनी पिशवीतून चक्क बिस्किटांचा डबा काढला. तो त्यांनी का आणला होता, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

भाऊ-बहीण सतरंजीवर समोरासमोर बसले, एक भिंग, एक नवे डोळे, आणि त्यांनी कपटे जुळवायला घेतले. अर्ध्या तासात वधूचं नाव लागलं, वराचं शिक्षण लागलं, 'आहेर आणू नये' हे तर सगळ्यात आधी लागलं. मंगल कार्यालयाचं नाव काही केल्या सापडेना. ते हिमकणात गेलं होतं. तो हिमकण भिशीतल्या मैत्रिणीच्या कार्डावर, आणि मैत्रीण चारधामला.

आत्याने मोबाइल मागितला. लावला ओझरला.

"हं, मी आत्या बोलतेय रे. पत्रिका पोचली बरं का. हो हो, मिळाली. हरीण घेऊन आलं... नाही रे, हरीण. शिंगांचं. तेवढं कार्यालयाचं नाव सांग, ते त्याच्या अंगावर मावलेलं नाही."